'फ्लॉप' म्हणजे नेमकं काय झालं?

कुणी गहू निवडत असाल, कुणी शेळीला पाला टाकत असाल, कुणी नुसतंच जरा पाठ टेकली असेल. आज बचत, कर्ज, व्याज यातलं काही बोलायचं नाही. आज एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. शब्द इंग्रजीतला आहे, पण तो आता आपल्या ओट्यावर येऊन पाय पसरून बसला आहे. तो शब्द म्हणजे 'फ्लॉप'.

सिनेमा फ्लॉप, सभा फ्लॉप, अमक्याचं दुकान फ्लॉप. हळदीकुंकवाला बायका कमी आल्या की हळदीकुंकू फ्लॉप. भाजीत मीठ कमी पडलं की शाळेत जाणारं पोरगंसुद्धा म्हणतं, 'आई, आजची भाजी फ्लॉप.' आपण हसतो. शब्द आहेच हसण्यासारखा. पण हाच शब्द आमच्या एका गटाच्या नोंदवहीत जाऊन बसला आणि वर्षभर आम्हाला टोचत राहिला. तो आम्हीच तिथं बसवला होता, म्हणून आधी ते सांगतो.

मागच्या वर्षी श्रावणी सोमवारच्या यात्रेत गटाने उडदाच्या पापडांचा स्टॉल लावला. जबाबदारी आमच्यातल्या एका ताईंनी अंगावर घेतली. संध्याकाळी बरीचशी पाकिटं परत आली. पुढच्या बैठकीत सचिवताईंनी नोंदवही उघडली आणि विचारलं, 'काय लिहू?' आम्हाला शेजारच्या गावच्या बैठकीला जायची घाई. आम्ही म्हटलं, 'लिहा, पापड विक्री फ्लॉप.' सगळ्याजणी हसल्या. त्या ताईही हसल्या. तीन शब्दांत विषय संपला आणि आम्ही गाडीला किक मारली.

पुढच्या महिन्यात ताई आल्या नाहीत. बचतीचे पैसे मुलीच्या हाती आले. त्याच्या पुढच्या महिन्यातही तसंच. पैसे अगदी वेळेवर, पण माणूस नाही. कुणी म्हणालं सुनेचे दिवस भरत आले असतील, कुणी म्हणालं कांद्याची लागण चालली आहे. आम्हीही तेच धरून चाललो. मग गटाला बँकेकडून दुसरं कर्ज घ्यायचं ठरलं. नोंदवह्या तपासायला आलेल्या माणसाने त्या ओळीवर बोट ठेवलं. 'हे फ्लॉप म्हणजे काय झालं? किती पाकिटं केली, किती गेली, उरलेल्यांचं काय केलं?' खोलीत दहाजणी होतो. एकीलाही सांगता येईना. जिला सांगता आलं असतं ती घरी बसली होती.

त्या रात्री आम्ही बी. ए. च्या वेळचा जाडा इंग्रजी शब्दकोश ट्रंकेतून काढला. त्याला आतून वाळवी लागली आहे, पण नेमकं ते पान शाबूत होतं.

आता गंमत ऐका. हा शब्द आवाजातून जन्मला आहे. इंग्रजीत आधीपासून 'फ्लॅप' म्हणून एक शब्द होता. पाखराचा पंख फडफडतो, दोरीवरचं लुगडं वाऱ्याने फडफडतं, तो आवाज म्हणजे फ्लॅप. त्याचाच जड अंगाचा भाऊ म्हणजे फ्लॉप. साधारण १६०० सालच्या आसपास तो इंग्रजीत दिसायला लागला. आपल्याकडे नाही का, कैरी पडली तर टप्, फणस पडला तर धप्? आवाज जड झाला की शब्दही जड होतो. शेणाचा गोळा भिंतीवर मारल्यावर 'थप्प' होतं ना, साहेबांच्या कानाला तसला आवाज 'फ्लॉप' असा ऐकू आला.

आणि बराच काळ त्याचा अपयशाशी काही संबंध नव्हता. एकोणिसाव्या शतकात त्याचा अर्थ 'धपकन पडणं, अंग टाकून देणं' असा पक्का झाला. आपण शेतातून येऊन पडवीत फतकल मारतो, तेच. पुढे १८९० च्या दशकात 'सपशेल न जमलेली गोष्ट' या अर्थाने तो छापलेला सापडतो, आणि पहिलं महायुद्ध संपलं त्या सुमारास 'अमुक फ्लॉप झालं' असं म्हणणं रूढ झालं. नाटकंबिटकं करणाऱ्या लोकांच्या तोंडी तो फार होता.

त्याचे बाकीचे भाऊबंद तुम्ही पाहिलेले आहेत. विहिरीत सूर मारायला गेलेलं पोर हात आधी न जाता पोटावर आपटतं आणि पोट लाल होतं, त्याला इंग्रजीत 'बेली फ्लॉप' म्हणतात. चालताना टाचेला फटफट वाजणारी रबरी चप्पल म्हणजे 'फ्लिप-फ्लॉप'. आणि पूर्वी कॉम्प्युटरमध्ये घालायची 'फ्लॉपी' असायची, ती आतून लवचीक, लुळी, म्हणून फ्लॉपी. म्हणजे या घराण्यात सगळे पडणारे, वाकणारे आणि पडताना आवाज करणारे.

मग लक्षात आलं की आपल्या मराठीनेही हेच चित्र धरलेलं आहे. नाटक 'पडलं' असंच आपण म्हणतो. निवडणुकीत अमकी 'पडली'. सिनेमा 'आपटला'. माणूस 'तोंडघशी पडला'. कांद्याचे भाव 'पडले', हे तर दर वर्षाचंच. त्यामुळे फ्लॉप आला तेव्हा त्याला आपल्या घरात जागा शोधावी लागली नाही, पडण्याची चटई आधीच अंथरलेली होती. पण मराठीत नुसतं वाईटच पडत नाही बरं का. पाऊस पडतो, मुलगी पसंत पडते, उपयोगी पडतो तोही माणूसच. आणि साडीला आपण पैसे देऊन जो 'फॉल' लावून घेतो, तो शब्दही इंग्रजीतलं पडणंच आहे. निऱ्या नीट पडाव्यात म्हणून लावतो.

फ्लॉप आपल्यापर्यंत आला तो मात्र सिनेमावाल्यांच्या हाताने. तिथं दोनच पेट्या असतात, एक हिटची आणि एक फ्लॉपची. 'हिट' म्हणजे नेमका बसलेला तडाखा, आणि फ्लॉप म्हणजे धप्. एका शुक्रवारी निकाल लागतो. तो निकालही किती कच्चा असतो ते 'शोले'ला विचारा. १९७५ च्या १५ ऑगस्टला तो लागला. पहिले काही आठवडे सिनेमाच्या धंद्यातल्या लोकांनी तो आपटला असंच धरलं होतं. नंतर मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षांहून जास्त चालला. उलट राज कपूरचा 'मेरा नाम जोकर' १९७० साली खरंच पडला. चार तासांच्या वरचा, दोन मध्यंतरांचा सिनेमा, लोकांना तेव्हा झेपला नाही आणि राज कपूर कर्जात गेला. त्यातून तो वर आला १९७३ च्या 'बॉबी'ने. आणि आता जोकरलाच लोक त्याचं मोठं काम म्हणतात. आमच्या आईला विचाराल तर ती अजूनही बॉबीच्याच बाजूने आहे.

यात एक गोष्ट पाहा. फ्लॉप व्हायला बघणारे लागतात. घरात एकटीने केलेलं लोणचं बिघडलं तर ते बिघडतं, चारचौघांत मांडलं आणि कुणी घेतलं नाही तर ते फ्लॉप होतं. आपल्या 'फजिती' शब्दाचंही असंच आहे. तो अरबीतून फारसीमार्फत आपल्याकडे आला आणि त्याचा मूळ अर्थ आहे बेअब्रू, लोकांसमोर उघडं पडणं. नुकसान किती झालं याचा त्यात हिशेबच नाही. लोक हसले, एवढाच हिशेब.

'फेल' आणखी वेगळा. तो लॅटिनमधल्या 'फसवणं, दगा देणं' या अर्थाच्या शब्दातून आला. इंग्रजीत खोट्याला 'फॉल्स' म्हणतात, तो त्याच घरातला. म्हणून आपण बोअर फेल गेली म्हणतो ते अगदी बरोबर बसतं. जमिनीने दगाच दिलेला असतो, आणि ज्याने नारळ फिरवून पाणी दाखवलं त्यानेही. शाळेच्या निकालपत्रावर 'अनुत्तीर्ण' असतं. उत्तीर्ण म्हणजे पाणी तरून पलीकडे गेलेली, अनुत्तीर्ण म्हणजे अजून पलीकडे न पोचलेली. बुडालेली नव्हे. नापास झालेल्या मुलीच्या घरी हे आम्ही हल्ली मुद्दाम सांगतो, कारण तिचं पुढचं वर्ष लग्नात जायची भीती असते.

तर प्रत्येक शब्दाचं तोंड वेगळ्या बाजूला. पण यातला फ्लॉप जास्त पसरला, कारण तो सोपा आहे. आणि सोपा असल्यामुळे तो वस्तूवरून उडी मारून माणसावर बसतो. आधी 'पापड फ्लॉप', मग 'पापडवाली फ्लॉप'. नाटकवाल्यांनी तो नाटकासाठी वापरला होता. आपण तो बाईला लावला.

माणसाला हा शब्द लागल्याची जगातली सगळ्यात गाजलेली गोष्ट मात्र भलतीच निघाली. अमेरिकेच्या पश्चिमेला ओरेगॉन राज्यात मेडफर्ड नावाचं गाव आहे. तिथं डिक फॉस्बरी नावाचा उंच, हडकुळा मुलगा शाळेत उंच उडी मारायचा. त्या काळी चांगले खेळाडू पोट खाली करून, पालथे होऊन दांडीवरून जायचे. याला ते काही केल्या जमेना. जुनी कात्रीची उडी, म्हणजे आधी एक पाय आणि मग दुसरा, तिच्यावर तो परत गेला आणि करता करता पाठ मागे टाकायला लागला. शेवटी तो चक्क पाठीवर उताणा होऊन, डोकं आधी आणि पाय शेवटी, असा दांडीवरून जाऊ लागला. बघणाऱ्यांना हसू आवरेना. गावच्या वर्तमानपत्राने त्याचा फोटो छापला आणि खाली लिहिलं की फॉस्बरी दांडीवरून 'फ्लॉप' होतो. होडीत टाकलेला मासा जसा तडफडून उलटा होतो तसा दिसतो, असं वर्णन झालं.

१९६८ साली मेक्सिको शहरात ऑलिंपिक झालं. फॉस्बरीने तिथं २.२४ मीटर उडी मारली, म्हणजे सात फूट चार इंचांच्याही थोडं वर. आपल्या दाराच्या चौकटीवरून माणूस पलीकडे. सुवर्णपदक त्याला मिळालं. आणि त्या उडीचं नाव कायमचं पडलं, 'फॉस्बरी फ्लॉप'. आज ऑलिंपिकला उंच उडी मारणारे सगळे असेच पाठीवरून जातात. तालुक्याच्या क्रीडास्पर्धेत आपल्या मुली पाठ वाकवून दांडीवरून जातात ना, ती हीच उडी. त्याला स्वतःला ते नाव आवडायचं.

दुसरीकडे कॅनडात डेबी ब्रिल नावाची एक मुलगी, याचं काही न पाहता, जवळपास तशीच उडी आपल्या आपण शिकली. तिच्या उडीला 'ब्रिल बेंड' म्हणायचे. १९७० साली सहा फूट ओलांडणारी ती उत्तर अमेरिकेतली पहिली बाई ठरली. आणि १९८२ साली, पहिल्या बाळंतपणानंतर पाचच महिन्यांनी, तिने बंद मैदानातल्या उंच उडीचा जागतिक विक्रम केला, १.९९ मीटर. तुम्हाला म्हणून सांगतो, नाव मात्र जगभर राहिलं ते फॉस्बरीचंच.

या गोष्टीत आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती गादी. पूर्वी दांडीच्या पलीकडे वाळू नाहीतर लाकडाचा भुसा असायचा. त्यावर पाठीवर पडलं तर मान मोडायची. त्याच सुमारास जाड स्पंजच्या गाद्या टाकायला सुरुवात झाली होती, म्हणून त्याला उलटं पडून बघता आलं. वाळूवर कुणी असली उडी मारून बघितली नसती.

हे सगळं वाचून झालं, पण आमच्या पापडांचं काय झालं ते काही शब्दकोशात नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही आणि सचिवताई त्या ताईंच्या घरी गेलो.

ताई अंगणात मिरच्यांची देठं खुडत होत्या. आम्हाला बघून उठल्या, पाणी दिलं, चहा टाकला. नातवाची चौकशी झाली. मग आम्हीच विषय काढला. म्हटलं, 'ताई, यात्रेत त्या दिवशी काय झालं ते सांगा. नोंदवहीत नीट लिहायचं राहिलंय.' त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'लिहिलंय की तुम्ही. माझी मुलगी वाचून दाखवली मला. शेजारचं पोरगं पण म्हणतं, फ्लॉप पापडवाली आली.' आणि मग म्हणाल्या, 'पापड सादळले होते ओ. एवढंच झालं होतं. मला कुणी विचारलंच नाही.'

सादळले. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. शब्द आपल्या रोजच्या वापरातला, आणि आम्हाला सुचला नव्हता.

मग ताईंनी एकेक सांगितलं. पापड लाटले तेव्हा दोन दिवस आभाळ भरून आलेलं, ऊन कोवळं. वरून वाळल्यासारखे वाटले पण पोटात ओल होती. पिशव्या आणल्या त्या पातळ, मेणबत्तीवर धरून चिकटवल्या, काहींची कडा नीट मिटलीच नाही. यात्रेच्या दिवशी भुरभुर पाऊस. नमुन्याचे पापड उघड्या ताटात. मिठाला हवेतली ओल ओढायची खोड असतेच, त्यामुळे तासाभरात ते मऊ पडले. तळले तर फुलेनात, चावले तर चिवट. गिऱ्हाईक एक तुकडा तोंडात टाकायचं आणि पुढे जायचं. शिवाय पाकिटं अर्ध्या किलोची. यात्रेला आलेली बाई पोरांना पाळण्यात बसवायला पैसे राखून ठेवते, ती अर्धा किलो पापड कशाला उचलेल?

६० पाकिटं नेली होती, १९ गेली. उरली ४१. त्यांचं काय झालं, असं सचिवताईंनी विचारलं. ताई म्हणाल्या, 'पैसे पाठवते की दर महिन्याला.' आम्हाला कळेना. मग त्यांनी सांगितलं. पावसाने उघडीप दिली तेव्हा त्यांनी सगळी पाकिटं फोडली. १५ पाकिटांतल्या पापडांना बुरशी आलेली, ती उकिरड्यावर टाकली. राहिलेल्या २६ पाकिटांना पुन्हा कडक ऊन दिलं, आणि शंभर-शंभर रुपयांना वाडीवस्तीवर फिरून विकली. एकदम नाही, चार-पाच महिन्यांत. ते पैसे मुलीच्या हाती बचतीबरोबर येत होते. सचिवताई ते 'आगाऊ बचत' म्हणून ताईंच्याच नावावर जमा धरत होत्या. २६०० रुपये. नोंदवहीत ज्या कामाला आम्ही फ्लॉप लिहून मोकळे झालो होतो, त्यातले २६०० रुपये त्याच नोंदवहीत दुसऱ्या पानावर येऊन पडलेले होते.

'आणि त्या १५ पाकिटांचे अजून द्यायचे आहेत माझ्याकडून,' असंही त्या म्हणाल्या. सचिवताईंच्या हातातला चहा तसाच राहिला.

घरी येताना रस्ताभर आम्ही दोघी शब्द मोजत होतो. आपल्या स्वयंपाकघरात फ्लॉप नावाचा पदार्थच नाही. दूध नासतं. भाकरी करपते. भात खाली लागतो. विरजण लागत नाही. पाक पुढे जातो, मग लाडू वळत नाहीत. पीठ आंबतं, लोणचं बुरसतं, डाळ शिजता शिजत नाही, पुरण सैल होतं, पापड सादळतात. एकेक शब्द असा की त्यातच काय झालं तेही आहे आणि पुढे काय करायचं तेही. नासलं म्हटलं की हात कलाकंदाच्या कढईकडे जातो. करपलं म्हटलं की आच कमी करायची. लागला म्हटलं की वरचा भात अलगद काढून घ्यायचा. सादळले म्हटलं की ऊन. 'भाजी फ्लॉप' म्हणणाऱ्या पोराला विचारा, काय करू, मीठ टाकू की पाणी? तो म्हणेल, मला काय माहीत.

मुंबईच्या लिज्जत पापडाचं नाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन ते काम गच्चीवर सुरू केलं. पहिल्या दिवशी चारच पाकिटं झाली. पहिल्याच पावसाळ्यात त्यांना चार महिने काम बंद ठेवावं लागलं, कारण पापड वाळेनात. बाहेरून बघणाऱ्याला तेव्हा हे काम आटोपलं असंच वाटलं असेल. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणली आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा. भर पावसात पापड वाळायला लागले. अडचण पापडांची नव्हती, गिऱ्हाइकाची नव्हती, उन्हाची होती. त्यांना ती उन्हाची आहे हे ठाऊक होतं, म्हणून खाट आणि स्टोव्ह सुचला. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, साठ वर्षांनी.

पुढच्या बैठकीला ताई आल्या. आम्ही सगळ्यांसमोर सांगितलं की तो शब्द आम्ही लिहायला लावला होता, सचिवताईंनी नव्हे. नोंदवहीत खाडाखोड करत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून जुनी ओळ तशीच ठेवली. खाली तारीख टाकून खुलासा लिहिला. किती नेली, किती गेली, पापड पुरते वाळले नव्हते, पिशवी पातळ, नमुना उघडा ठेवला, पाकीट मोठं, किती फेकली, किती परत वाळवून विकली, पैसे किती आले. अर्धं पान झालं. ताईंच्या आगाऊ बचतीतले २६०० रुपये पापड विक्रीच्या खात्यात गेले. १५ पाकिटांचं काय, यावर वाद झाला. एकीचं म्हणणं, जबाबदारी घेतली होती तर भरायला हवेत. दुसरी म्हणाली, नफा झाला असता तर ताईंना एकटीला दिला असता का? त्यावर ती पहिली गप्प बसली. नुकसान गटाचं धरायचं ठरलं. शिवाय व्याजाच्या रकमेतून थोडे पैसे नवीन काही करून बघायला बाजूला ठेवायचे असंही ठरलं. आम्ही मनात म्हटलं, ही आपली गादी. बोललो नाही, कारण मग फॉस्बरीची सगळी गोष्ट सांगावी लागली असती आणि बायकांना स्वयंपाकाला जायचं होतं. बँकेच्या माणसाने नंतर तो खुलासा वाचला, काही विचारलं नाही, पान उलटलं.

या वर्षी पापड चैत्रातच लाटले. पिशव्या जाड आणल्या, तोंड बंद करायचं छोटं मशीन घेतलं आणि पाकीट पावशेराचं केलं. सगळेच गेले असं नाही. मिरी घातलेले गेले, लसणाचे राहिले, का राहिले ते अजून कळलेलं नाही. तसंच लिहून ठेवलंय, 'लसणाचे राहिले, कारण कळलं नाही, विचारायचं.' ताई अजून दाराजवळच बसतात, पण प्रत्येक घाण्यातला एक पापड उचलून कानाजवळ मोडतात. कट् आवाज आला तर पिशवीत. आवाज न करता वाकला तर परत उन्हात. आमच्याही हातात एक दिला होता. आम्ही म्हटलं, वाळलाय. ताईंनी तो मोडला, तो वाकला, आणि त्यांनी आमच्याकडे नुसतं बघितलं.

तर मैत्रिणींनो, आमच्याकडे पापडाला सादळले म्हणतात, मऊ पडले म्हणतात. तुमच्याकडे काय म्हणतात? विणकाम उसवलं, कोंबडी अंड्यांवर बसली नाही, गूळ चिकट झाला, यांना तुमच्या गावात कोणते शब्द आहेत? केंद्रावर फोन करून नाहीतर आपल्या ग्रामसखीजवळ सांगा. पुढच्या महिन्यात याच वेळेला ते सगळ्यांना वाचून दाखवू.